अठरा पायऱ्या

मिस्त्रीने आयुष्यभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केले आणि त्याच अकलेने स्वतःच्या हृदयाचाही निकाल लावून टाकला. मोटर थकली की तिच्यावर लोड टाकायचा नाही, बस्स. दवाखान्यातून आल्यापासून चार महिने तो खिडकीजवळच्या खुर्चीला चिकटून होता. खुर्ची ते पलंग सात पावलं, खुर्ची ते बाथरूम अकरा. स्वयंपाकघर चौदा पावलांवर, म्हणजे परमुलखात.

डॉक्टरीणबाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "रोज चाला, आणि बोलत चाला. बोलणं जमतंय तोवर चालणं जमतंय. शब्द तुटायला लागले की बसा, मग पुन्हा उठा." याने तिथे मान डोलावली आणि घरी येऊन बसला तो बसलाच. पहिल्यांदा श्वास कोंडला होता तो जिन्यात. त्या जिन्याच्या नुसत्या आठवणीने त्याचे हातपाय गार पडायचे.

त्या दुपारी नळाला पाणी आलं नाही. "टाकीचा फ्लोट अडकला असेल, बघून येते," म्हणून बायको गच्चीवर गेली. पूर्वी टाकी तो बघायचा आणि ती गच्चीचं दार धरून उभी राहायची. कारण दार आपटलं की जिन्याकडची कडी आपोआप पडायची. ती कडी बदलायचं काम दोन वर्षं मिस्त्रीकडेच होतं. पण लोकांची कामं आधी.

धाडकन दार आपटलं. मग थापा. "अहो! कडी पडली!"

त्याने लेकीला फोन लावला. "बाबा, मला यायला तास लागेल. शेजारी बघा ना." शेजारी कामावर गेलेले, खालच्या मजल्याला कुलूप. वर भाजून काढणारं ऊन. आणि बायकोने मधुमेहाची गोळी घेतली होती, जेवण मात्र व्हायचं होतं. उशीर झाला की तिला घेरी यायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

थापा मंदावल्या.

मिस्त्री उठला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने साखरेच्या डब्यात मूठ घातली आणि ती तशीच आवळून जिन्यापाशी आला. छातीत धडधड सुरू झाली. भीतीची की दुखण्याची, कळायला मार्ग नव्हता. बोलायला हवं होतं, पण बोलणार काय? बायकोवर तोंडसुख घेणं तेवढं तोंडपाठ होतं.

"जेवून गेली असतीस तर काय बिघडलं असतं?" तिसरी पायरी. "दाराला वीट लाव म्हणून... हजारदा सांगितलं." सहावी. "पण ऐकशील... तर..."

शब्द तुटले. तो कठड्याला धरून मटकन बसला. संपलं, मेलो, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. मेला नाही. धाप ओसरली, तो उठला.

तो नवव्या पायरीवर असताना थापा थांबल्या.

त्याने वर तोंड करून हाक मारली. "अगं?" उत्तर नाही. "अगं ए! भांड, पण बोल!" खाली नऊ, वर नऊ. तो वर निघाला. बाराव्या पायरीला बसला, पंधराव्या पायरीला बसला, उठताना दरवेळी हाक मारली आणि दरवेळी तिकडे सामसूम. मग अठरावी. त्याने कोपराने कडी ढकलली.

ती दाराला कान लावून बसली होती. घामाने डबडबलेली, हात थरथरत होते, पण शुद्धीत होती.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" तो रडकुंडीला येऊन ओरडला.

"तुमचा आवाज येत होता," ती म्हणाली. "मी ओ दिली असती, तर ही ठीक आहे म्हणून तुम्ही तिथेच बसून राहिला असतात."

त्याला संताप आला, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच आला. त्याने मूठ उघडली. साखरेचा घामट गोळा झाला होता. तिने तो त्याच्या हातावरूनच खाल्ला.

थोड्या वेळाने तो भिंतीला धरून उभा राहिला. "तू दार धर. आलोच आहे तर फ्लोट बघतो."

तिने दार धरलं. "बोलत राहा," ती म्हणाली.