डोळ्यांतल्या मुंग्या

आरोग्य केंद्राच्या पायरीशी म्हातारीने चपला काढल्या, भिंतीकडेला नीट जोडून ठेवल्या आणि मान वर केली. दारात सिस्टर उभी होती. नजरानजर झाली तसा सिस्टरच्या हातातला ट्रे कलला आणि कापसाचे बोळे घरंगळत बाकाखाली गेले. ते वेचायला ती वाकली, आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकूनच राहिली.

म्हातारी तिची आत्या होती. डोंगरावरच्या सात वस्त्यांची सुईण. आई गेल्यावर हिला लहानाची मोठी केलेली.

केंद्रात मात्र सिस्टर डोंगरावरची आहे हे कुणाच्या गावी नव्हतं. नर्सिंगच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मुलींनी तिच्या बोलण्याची नक्कल केली होती. तेव्हापासून तिने जीभ अशी घोटून घेतली, की बारा वर्षांत एक शब्द वेडावाकडा पडला नव्हता. ‘कुठल्या तुम्ही?’ असं कुणी विचारलं, की ती मोघम हात करून ‘इथलीच’ म्हणायची. आत्याला भेटायला वर्षातून एकदा जायची, तेही मैत्रिणीचं नाव सांगून.

डोंगरावरच्या बाया तपासणीला येत नाहीत, ही तक्रार जुनीच होती. नवे डॉक्टर म्हणाले, आपण त्यांना उंच टेबलावर चढवतो, त्यांना न कळणाऱ्या भाषेत दटावतो, मग त्या कशाला येतील? त्यांनी एका खोलीतलं टेबल काढून चटया घातल्या. पोटाला आधी त्यांच्या सुईणीचा हात लागेल, मग आपलं यंत्र, असं ठरलं. सिस्टरलाही ते पटलं होतं. सुईण कोण येणार, हे तिने विचारलं नव्हतं.

“चटई बरी,” औषधं देणारा हळूच म्हणाला. “खुर्चीवर बसवलं तर पाय वर घेऊन बसतील ही मंडळी.”

सिस्टर सवयीने हसली. आत्या तीन हातांवर उभी होती.

“सिस्टर, या सुईणबाई,” डॉक्टर म्हणाले. “यांना आपली भाषा जेमतेम येते. तुम्हाला यांची बोली कळते का थोडीफार?”

“नाही सर.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग हात जोडले.

“नमस्कार बाई. तुम्ही सांगाल तसं करते.”

तिने चारचौघांत कानाखाली वाजवली असती, तर सिस्टरला ते सोपं गेलं असतं.

दहाच्या सुमारास एक पोरसवदा बाई जावेबरोबर आली. आठवा महिना. चेहरा सुजलेला, अंगठ्या बोटांत रुतलेल्या. रक्तदाबाचा पट्टा पाहताच तिने हात पदराखाली ओढून घेतला. आत्या तिच्या पोटावर तळवा ठेवून हळू आवाजात विचारत राहिली आणि मुलगी हळूहळू बोलू लागली. कपाळ दुखतं. बरगडीखाली कळ येते. कालपासून डोळ्यांत मुंग्या शिरल्यात.

आत्या शब्द जुळवत डॉक्टरांना म्हणाली, “कपाळ दुखतं. डोळ्यात मुंगी. हे बरं नाही.”

डॉक्टरांनी बॅटरी काढून दोन्ही डोळे तपासले. “काही गेलेलं दिसत नाही. लाली आहे जराशी. थेंब देतो. पट्टा पुढच्या वेळी, आज घाबरलीय ती.”

“बरं नाही,” आत्या पुन्हा म्हणाली. मग तिने मान वळवून सिस्टरकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. पाहिलं आणि नजर खाली घेतली.

सिस्टर कपाटातल्या बाटल्या नीट लावत होती. त्या नीटच होत्या. मागे डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, जाऊ पिशवी आवरत होती. मुलगी भिंतीला धरून उठली, दारापर्यंत गेली, चपलेत पाय घालू लागली.

“सर,” सिस्टर म्हणाली. “ते डोळ्याचं नाही. आमच्यात...” ती अडखळली. “त्यांच्यात डोळ्यांपुढे ठिणग्या चमकायला लागल्या, की मुंग्या शिरल्या म्हणतात.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “तुम्हाला कसं माहीत?”

तिला उत्तर सुचण्याआधीच आत्या बोलली. “मी सांगितलं. सकाळी. बाई हुशार, लवकर शिकते.”

आणि सिस्टरने ते तसंच राहू दिलं.

आत्याने दंड धरला तेव्हा मुलीने पट्टा बांधू दिला. वरचा आकडा एकशे ऐंशी. मग एकच धावपळ झाली. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, गाडी बोलावली. आत्या गाडीत चढायला निघाली होती, पण आणखी बाया यायच्या होत्या. डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि सिस्टरला पाठवलं.

गाडी हलली. जाऊ पुढे चालकाशेजारी बसली होती. मुलगी थरथरायला लागली, तशी सिस्टर तिच्या कानाशी वाकली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली, “घाबरू नको. श्वास घे. बाळाचे ठोके नीट आहेत.”

मुलगी एकटक बघत राहिली.

“तू आमच्यातली?”

“हो.”

“मग मघाशी का नाही बोललीस?”

सिस्टरने सलाइनची नळी सरळ केली. थेंब मोजले. पुन्हा मोजले. मुलीने तिचा हात धरला, तो मोठं हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

दुपारी आकडा उतरला. आई आणि पोटातलं बाळ दोघंही धोक्याबाहेर आहेत, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सिस्टरने जिन्याखाली उभं राहून केंद्रात फोन लावला.

“शाब्बास सिस्टर,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही वेळेवर बोललात.”

“वेळेवर नाही बोलले, सर.” तिने भिंतीचा आधार घेतला. “जरा आत्याला फोन देता?”

“कुणाला?”

“आत्याला. चटयांच्या खोलीत बसलीय ती.”

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि लांब लांब जाणारी पावलं.