अधिक महिना आणि गंद्रायणीचं बी

त्या वर्षी पंचांगाने एक महिना जास्तीचा दिला आणि हयातसिंहाची झोप उडाली. बाकी ढिलम गावाला त्याचं काही वाटलं नाही. सण लांबले एवढंच. पण गंद्रायणीला पंचांग वाचता येत नव्हतं. ती आपल्या हिशोबाने पिकत चालली होती.

गंद्रायण म्हणजे डाळीच्या फोडणीत टाकायचं मूळ. जोहारच्या खोऱ्यात तिच्याशिवाय राजमा शिजला तर माणसं तो खातात, पण घरात कुणी गेल्यासारख्या चेहऱ्याने. पूर्वी वरच्या कुरणात ती गुडघाभर माजलेली असायची. मग खालून खणणारे आले, पोती भरून गेले, आणि कुरणात नुसते खड्डे उरले. हयातने त्यातल्याच एका खड्ड्याच्या कडेचा अंगठ्याएवढा तुकडा आणून गावाच्या वरच्या अंगाला लावला होता. मेंढ्यांचं खत घातलं, बर्फाचं पाणी पाटाने आणलं, पाट आटला की हंड्याने आणलं. चार उन्हाळे ती नुसती पानं दाखवत बसली. या उन्हाळ्यात पुरुषभर उंच झाली आणि डोक्यावर फुलांची छत्री उघडली. आता छत्रीत फुलांऐवजी बी होतं, कागदासारखे पंख असलेलं, चपटं. सगळ्या ढिलममध्ये तेवढंच.

बी तोडायचं मात्र नव्हतं. भाद्रपदातली नंदाष्टमी यंदा महिनाभर लांबली होती, आणि ती होईपर्यंत गावाच्या भिंतीपलीकडे वरच्या अंगाला फूल तोडायचं नाही, पान खुडायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, लाल-पिवळं नेसायचं नाही. नाहीतर वर राहणाऱ्या आंछऱ्या, म्हणजे पऱ्या, रागावतात आणि गारा पाडतात. एका वर्षी कुणीतरी शिट्टी वाजवली आणि फाफराचं उभं पीक झोपलं. ती शिट्टी कुणाची होती यावरून दोन घरं अजून एकमेकांकडे विस्तव मागत नाहीत. आणि हयातचा वाफा भिंतीच्या बरोब्बर वर होता. भिंतीच्या आत ऊन जास्त लागतं म्हणून त्यानेच हट्टाने तिथे केला होता.

खष्टीने, म्हणजे त्याच्या बायकोने, वैशाखातच सांगून टाकलं होतं. "हल्द्वानीची नोकरी तुम्ही या झाडासाठी सोडलीत. बरं. या वर्षी बी हाताला लागलं तर पुढच्या जेठात मी तुमच्याबरोबर वर येईन. नाही लागलं तर तांब्याची भांडी खाली नेऊ, दाराला कुलूप लावू, आणि मुनस्यारीत माझ्या भावाच्या दुकानात तुम्ही मोबाईलची कव्हरं विकायची."

"कव्हरं?"

"गुलाबीसुद्धा."

ढिलम उन्हाळ्यापुरतं गाव, थंडीत सगळे खाली मुनस्यारीला उतरायचे, आणि निम्म्या दारांना कुलपं आधीच कायमची लागली होती. ती बघत हयात रोज वाफ्याकडे जायचा.

दुपारी जोहारमध्ये वारा सुटतो. तो खालून वर येतो, वाटेत दिसेल ते उचलतो आणि तिबेटच्या दिशेने नेऊन टाकतो. त्यामुळे हयात दुपारी अंगावर थुलमा, म्हणजे घरचं जाड लोकरी पांघरूण, दोन्ही हातांनी पसरून झाडाच्या अलीकडे उभा राहायचा. पाठ वाऱ्याला, तोंड झाडाला. थोड्या वेळाने बसायचा, बसवेना म्हणून उठायचा, उठलं की बी हलल्यासारखं वाटायचं म्हणून परत बसायचा.

"हयाता, झाडाला थंडी वाजते का रे?" पदिमा काकीने गवताचा भारा उतरवून विचारलं.

"वारा अडवतोय काकी."

"माझ्या बाळंतपणात तुझे काका एवढे जवळ बसले नव्हते."

"काकी, हळू बोल. आंछऱ्या ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनाही कळू दे तुझे काका कसे होते."

शेवटी तो सासऱ्यांकडे गेला. दानसिंह छपरावर खुमानी, म्हणजे जर्दाळू, वाळत घालत होते. ते गावाचे धामी. नंदादेवी कुणाच्या अंगात येत असेल तर ती यांच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"सौरज्यू, बी पिकलंय."

"पिकू दे."

"गळेल."

"गळू दे. गळण्याला मनाई नाही."

"मग गळलेलं उचलू?"

सासऱ्यांनी एक खुमानी उलटी केली, परत सुलटी केली. "हात न लावता उचल."

हयात चुलीजवळचा चिमटा घेऊन वाफ्यावर गेला. बी गळत होतं हे खरं, पण ते खाली पडायच्या आधी आडवं जात होतं. तो चिमटा उघडझाप करत त्याच्यामागे धावला. संध्याकाळी त्याच्याजवळ तीन बिया होत्या आणि त्यातली एक चालायला लागली. तो किडा होता.

दुसऱ्या दिवशी तो परत छपराखाली उभा. "सौरज्यू, तुम्ही देवीला विचारा ना. एकच झाड आहे म्हणावं."

"मी कसा विचारणार? ती येते तेव्हा मी नसतो."

"मग ती जाते तेव्हा?"

"तेव्हा ती नसते. डोकं वापर ना जरा."

हयात परत वाफ्याकडे गेला. पण लवकरच गावालाच देवीला विचारायची पाळी आली. पहाटे पाटाच्या कडेला बर्फाची काच धरायला लागली होती. फाफर उभा होता, आणि नंदाष्टमी पंचांगात कुठेतरी लांब बसली होती. आधी कापणी केली तर चालेल का, हे विचारायला सगळे भरदुपारी भिंतीजवळच्या देवळासमोर जमले. कुणी पांढरं नेसलेलं, कुणी काळं, कुणी राखाडी, आणि सगळे लोकरीत. ढोल वाजला. दानसिंह आधी जांभई देत होते. मग त्यांचे खांदे उडायला लागले, टोपी पडली, आणि देवी आली.

फाफराचं उत्तर देवीने लगेच दिलं. कापा. लोकांनी हात जोडले. हयातला वाटलं, देवी आज बऱ्या मूडमध्ये आहे, आणि तो घाईने पुढे घुसला.

"कोण तू?" देवीने विचारलं.

"मी हयात. जावई."

"कुणाचा जावई?"

खरं सांगावं तर देवीचा जावई असं होत होतं, आणि ते सांगायला कुठला माणूस धजेल? "ज्यांच्या अंगात तुम्ही आलात," तो म्हणाला, "त्यांचा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक पदिमा काकी.

"काय हवं?"

"माझी गंद्रायण पिकली आहे, आई. वारा बी नेतोय. मला ते आजच्या आज..." तो 'तोडू द्या' म्हणणार होता, पण तो शब्दच मनाईतला होता. म्हणून तो म्हणाला, "तुमच्या हाती आहे."

मनाई मोडायची नाही म्हणून केलेली ही सभ्यता त्याला नडली. देवीने मान वर केली, वास घेतला, आणि नाचत निघाली. ढोल मागे, गाव ढोलामागे. देवीने भिंत एका उडीत ओलांडली. एरवी दानसिंहांना तीच भिंत चढायला दोन माणसं लागत. ती वाफ्याशी थांबली, तिने झाडाची अख्खी छत्री कडकन मोडली, मुठीत रगडली आणि अक्षतांसारखी गावावर उधळली.

कुणी ओरडलं नाही. ओरडायची मनाई होती. देवीने उरलेल्या काड्यांतून परत एक मूठ काढली, ती वाऱ्याबरोबर फेकली. लोकांनी डोकी पुढे केली, पदर पसरले, टोप्या उलट्या धरल्या. चार वर्षं माणसांच्या केसांत, शालीत, लोकरी बाह्यांत जाऊन बसली.

ढोल थांबला. दानसिंह जमिनीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. "काय म्हणाली देवी?"

"बरंच," हयात म्हणाला. सासऱ्यांच्या मिशीत एक बी अडकलं होतं. त्याने ते अलगद काढलं.

"हे काय करतोस?"

"प्रसाद घेतोय."

मग तो माणसामाणसाकडे गेला. केशर दाज्यूने, म्हणजे शेजारच्या दादाने, डोकं वाकवून दिलं, पण त्याला टक्कल होतं. पदिमा काकीने तर त्याचा हातच धरला.

"माझ्या डोक्यातला प्रसाद ओढतोस? मेल्या, देवीने पहिल्यांदा मला काही दिलंय."

"काकी, ते माझं बी आहे."

"मग देवीकडे माग. बघ, तिथे बसलीय, पाणी पितेय."

दिवस मावळेपर्यंत लोक घरी गेले. रीतीप्रमाणे कुणी थोडा प्रसाद छपरावर टाकला, थोडा उंबऱ्यात, आणि शाली अंगणात झटकल्या. हयातच्या वाट्याला जे आलं ते चहाच्या चमचाभर भरलं. त्याने ते डब्यात घालून झाकण लावलं, वर फडकं बांधलं, फडक्यावर दोरी.

"हे म्हणजे हाताला लागलं ना?" त्याने खष्टीला विचारलं.

"उगवलं की लागलं," खष्टी म्हणाली.

गारा काही पडल्या नाहीत. फाफर आत आला, कार्तिकात गाव खाली उतरलं. मुनस्यारीच्या घरात हयातने तो डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला, अगदी उबेत. त्याला वाटलं, एवढी वर्षं थंडीत काढली, आता तरी बीला बरं वाटू दे. रोज तो डबा कानाशी हलवून बघायचा. वाजला की जिवंत आहे असं समजायचा. मेहुण्याने दुकानात बोलावलं, तर तिथेही तो डबा काउंटरवर ठेवून बसला. एका गिऱ्हाईकाने त्याचा भाव विचारला.

चैत्रात त्याने बी ट्रेमध्ये पेरलं. माती ओली ठेवली. मग अजून ओली ठेवली. मग मातीवर बुरशी आली, आणि ती मात्र जोमाने आली. हयात अंगणातून आत, आतून अंगणात अशा येरझाऱ्या घालत राहिला, आणि जेठ उजाडला तसं खष्टीने खेचरवाल्याला निरोप पाठवला.

"वर जायचं?" हयातच्या आवाजात आशा होती.

"भांडी आणायला," खष्टी म्हणाली.

वाटभर त्याचे पाय गप्प बसत नव्हते. खेचराच्या पुढे जायचा, थांबायचा, परत मागे यायचा. खेचर दोनदा वैतागून बसलं. ढिलममध्ये पोचले तेव्हा सावलीतलं बर्फ अजून वितळत होतं. खष्टीने कुलूप उघडलं, भांडी बाहेर काढायला घेतली. हयात वाफ्याकडे गेला. वाफ्यात काही नव्हतं. तो परत आला, उंबऱ्यावर बसला, आणि उंबऱ्याच्या फटीत त्याला दोन पानं दिसली.

तो पोटावर आडवा झाला आणि त्याने पानांना नाक लावलं. मग त्याने खष्टीला हाक मारली. ती हंडा घेऊनच बाहेर आली.

"वास घे."

तीही गुडघ्यावर टेकली. मग दोघं उठली आणि गावभर फिरली. देवळाच्या पायऱ्यांत होती. पाणवठ्याच्या वाटेवर होती. केशर दाज्यूच्या छपरावरच्या दगडी पाट्यांमध्ये होती, तिथे तर दाट. जिथे जिथे कुणी शाल झटकली होती आणि वरून सहा महिने बर्फ बसलं होतं, तिथे तिथे गंद्रायण होती. आणि सगळ्यांत चांगली, ताठ, पाचपानी, दानसिंहांच्या अंगणात, बरोब्बर मधोमध.

दानसिंह आदल्या दिवशीच वर आले होते आणि तिच्याशेजारी बसले होते.

"सौरज्यू, ही उचलून वाफ्यात लावतो," हयात म्हणाला.

"हात लावायचा नाही."

"ही भिंतीच्या आत आहे!"

"पेरली कुणी?"

हयातने सासऱ्यांच्या मिशीकडे बघितलं.

"देवीने पेरली म्हणजे देवीची. नंदाष्टमीनंतर बोल."

"तोवर मेंढ्या येतील! परवा येतायत! वाट सगळी तुडवतील!"

"हळू बोल," दानसिंह म्हणाले.

खष्टी तोवर अंगणात थांबलीच नव्हती. तिने बाहेर काढलेली भांडी उचलली होती आणि ती एकेक घेऊन गावात फिरत होती. पाणवठ्याच्या वाटेवर हंडा पालथा. देवळाच्या पायरीवर पातेली पालथी. आपल्या उंबऱ्यावर लोटा. रोपाला हात न लागता. बौज्यूंच्या, म्हणजे वडिलांच्या, अंगणात तिने मोठी परात आणली, रोपावर अलगद झाकली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उजेड लागतो त्यांना," हयात म्हणाला.

"मग मेंढ्या गेल्या की उचला. आल्या की झाका."

"सगळ्या गावात?"

"तुम्हाला नाहीतरी कुठे बसवतं?"

हयातने हिशोब करायला सुरुवात केली. आधी पाणवठा, मग देऊळ, मग छप्पर, तिथे भांडं घसरेल, दोरी लागेल. तो निघालाच होता.

"आणि डाळ कशात शिजवायची?" त्याने वळून विचारलं.

"बौज्यूंकडे जेवू," खष्टी म्हणाली. "पातेलं त्यांच्याकडेच उरलंय."