कापसाचं टोक

मल्हारीबाबांच्या बोटांतून मृदंग बोलायला लागला, की सायखेड्याच्या पंचक्रोशीतली पारावरची टवाळ मंडळीही मांडी घालून बसत. कीर्तनकार बदलले, टाळकरी बदलले. दत्तजयंतीच्या सप्ताहात मृदंगावर मात्र तीस वर्षं तेच. आणि त्या गावाची एक रीत होती. काल्याच्या कीर्तनाला हंडी फुटली, की दही-लाह्यांचा पहिला घास महाराजांना मृदंगवाल्यानं आपल्या हातानं भरवायचा. मग बाकीच्यांनी एकमेकांना.

मल्हारीबाबांची सून उज्वला गावची आशाताई. नेमकं सप्ताहाच्या आठवड्यातच घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे तपासायचं काम आलं, कुष्ठरोग शोधायचं. सगळी आळी झाली, राहिलं ते स्वतःचं घर. त्याच सकाळी बाबांनी चुलीवरचं उकळतं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं होतं, आणि तोंडातून साधं ‘स्स’सुद्धा निघालं नव्हतं. उज्वला दारातच थबकली. त्यांच्या उजव्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता. मागच्या थंडीतही तिनं तो पाहिला होता. शिबं असेल, म्हणून नजर वळवली होती. सासऱ्याच्या हाताकडे सून कितीसं बघणार?

"मामा, जरा हात दाखवा. सरकारी काम हे."

"माझाबी? मी काय रेशनकार्ड हाय का तपासायला?"

"दाखवा की!" आतून सासूबाई, भागुबाई, कडाडल्या. "त्या मृदंगाला रोज कणीक थापताना लाज वाटत नाय, अन् सुनेपुढं वाटती व्हय?"

बाबा हसले, बाही सारून बसले. उज्वलानं कापसाला पीळ देऊन बारीक टोक काढलं.

"डोळे मिटा. कापूस लागला, की लागला तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

"बोटबीट नाय. हं म्हनतो. जल्मभर कीर्तनात तेच केलं."

प्रशिक्षणात बजावलं होतं, बोटच ठेवायला लावा. पण सासऱ्याला एकच गोष्ट दोनदा कशी सांगायची? तिनं मान डोलावली, आणि तिथंच चुकलं.

मनगटावर कापूस टेकला. "हं." दंडावर. "हं." चट्ट्याच्या कडेला. "हं." चट्ट्याच्या मधोमध. "हं." उज्वलाचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात तिनं दत्तगुरूंना हातही जोडले. पुन्हा मनगट, पुन्हा चट्टा, हं, हं. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की हे हुंकार फार नेटके पडताहेत, टाळावर टाळ पडावा तसे. तिचा स्वतःचा हातच एका लयीत हलत होता. तिनं कापूस उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"हं," बाबा म्हणाले.

दोन ठोक्यांमधलं अंतर ज्याच्या रक्तात, तो माणूस कापसाला नव्हे, लयीला हुंकार देत होता.

"मामा, आत्ता मी कापूस लावलाच नव्हता."

बाबांनी डोळे उघडले. आत भागुबाईंच्या हातातली लाटी तशीच राहिली. उज्वलानं मग न विचारताच त्यांचं कोपर चाचपलं. आतली शीर दोरीसारखी जाड लागली.

"दवाखान्यात जाऊ. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तिथला द्रव काचेवर घेतात, तपासतात. गोळ्या फुकट मिळतात. पूर्ण बरा होतो हो हा आजार. पण ही करंगळीची शीर कामातून गेली तर बोट..."

"काला होऊ दे."

"मामा..."

"चार दिवस हायेत. माझं नाव निघालं, तर ह्या हातचा घास कोन घेईल?"

"घासानं नाही लागत हा आजार."

"तुला म्हाईत हाय, बाय. गावाला हाय का?"

तिनं नवऱ्याला फोन लावला. योगेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर होता. "बाबांना आजवर कोणी समजावलंय का? चार दिवसांनी काय होतंय?" तो म्हणाला. प्रश्न चार दिवसांचा नव्हता, मागच्या थंडीपासूनच्या वर्षभराचा होता. ते मात्र तिला बोलता आलं नाही.

काल्याच्या दिवशी मृदंग असा वाजला, की महाराजांनीही क्षणभर निरूपण थांबवून कान दिला. उज्वला बायकांत बसून नुसती बाबांच्या उजव्या करंगळीकडे बघत होती. हंडी फुटली. बाबांनी काल्याची मूठ भरली आणि महाराजांकडे निघाले. दहा पावलांचं अंतर. करंगळी मुठीत मिटलीच नाही; तिच्या फटीतून दही गळत होतं, लाह्या सांडत होत्या. महाराजांच्या मुखापर्यंत अर्धाच घास पोचला.

"वा मल्हारीबाबा! देणाऱ्याचा हात असाच सैल पाहिजे," महाराज प्रेमानं म्हणाले. सगळा मांडव हसला. हसले नाहीत ते उज्वला आणि बाबा, दोघंच. बाबा वाकून जमिनीवरची एकेक लाही डाव्या हातानं वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पायात चपला सरकवून दारात उभे राहिले.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण कामात पक्के. "हं-बिं चालणार नाही, आजोबा. बोट ठेवायचं." कापसाला पीळ देताना ते घाई करत नव्हते. कधी लगेच टेकवत, कधी बराच वेळ थांबत. ना ठेका, ना काही.

मनगटावर बाबांनी बरोबर बोट ठेवलं. दंडावरही. मग कापूस चट्ट्यावर टेकला.

बाबांचं डावं बोट हवेत उचललेलं होतं. मान किंचित तिरकी, कीर्तनात महाराजांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत तशी. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. बोट त्या टिकटिकीवरही क्षणभर हललं, आणि थांबलं.

"लावला का गं, उज्वला?" मिटल्या डोळ्यांनी त्यांनी विचारलं.

कापूस केव्हाचा लागलेला होता. सांगायचं नाही, असा नियम होता. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. बाबा बोट उचलून तसेच वाट बघत राहिले.