वहिनीला झालेला गोवर

बावीस वर्षं मी लसी टोचतेय, आणि घोळ घातला तो नेमका सख्ख्या भाचीच्या कार्डावर!

वस्तीत गोवराची साथ आली, म्हणून चिंगीला सहाव्या महिन्यातच मी एक जादा डोस दिला. तो वेगळा लिहायचा असतो, कारण नवव्या महिन्याचा नेहमीचा डोस तरीही द्यावाच लागतो. मी मेली गप्पांच्या नादात तो नवव्या महिन्याच्या रकान्यात लिहून बसले. पुढे नववा महिना लागला तेव्हा वहिनीने भरलेला रकाना पाहिला आणि चिंगीला आणलंच नाही. मीही विचारलं नाही.

दहाव्या महिन्यात शेजारच्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. आदल्याच दिवशी चिंगी तिच्या मांडीवर खेळली होती. वहिनीला आणि चिंगीला घेऊन तशीच दवाखान्यात पळाले.

"डोस घेतलाय की हिने," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कार्डावरची तारीख पाहिली आणि तिलाच विचारलं, "तुम्हाला लहानपणी गोवर झाला होता?"

"चांगला दणकून."

"मग सहाव्या महिन्यात बाळाच्या रक्तात तुमचीच प्रतिपिंडं असणार, पोटात असताना मिळालेली. लसीचं काम सुरू होण्याआधीच त्यांनी ती लस निकामी केली असेल. आता ती प्रतिपिंडं ओसरली असतील. आज पुन्हा टोचू. संपर्काला तीन दिवस झालेले नाहीत, अजून वेळ आहे."

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"काहीतरीच काय!" मी खेकसले. "तुझ्यामुळे ती इतके महिने सुखरूप राहिली. शेण मी खाल्लं. तो डोस मी चुकीच्या रकान्यात लिहिला."

झालं! त्या दिवसापासून वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलायची. चिंगीला माझ्याकडे देईना.

आठव्या दिवशी चिंगीला ताप भरला. लसीनेही ताप येतो, हे मी रोज दहा आयांना सांगते, पण स्वतःच धावत वहिनीकडे गेले. वहिनीने तिला घट्ट धरलं होतं. मी लांबूनच डोळे, नाक, कानामागची कातडी बघत राहिले. खोकला नाही, पुरळ नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तरी माझा जीव टांगणीलाच.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई हसल्या. "गोवर उठायचा असता तर एव्हाना उठला असता. सुटलात हो!"

हुश्श! मी तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले. रांगेतल्या आया बघतायत, बघेनात का!

वहिनी जवळ आली. "वन्सं, धरा हिला," ती म्हणाली. "माझे हात थरथरतायत."