एक बाही पीच, एक बाही पेअर

शेवटी कारकुनाने दोन्ही बाटल्या घेतल्या. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तोही काही घडलंच नाही असं समजूनच घरी गेला.

तर तो आणि सासूबाई सेंटच्या काउंटरपुढे उभे होते. दोघांच्या मध्ये तोंड घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत त्याच्या बायकोचा स्वेटर. बायको हिवाळ्यात गेली, वास स्वेटरात राहिला. दर रविवारी चहा झाला की दोघं आळीपाळीने पिशवीत नाक घालत. सासूबाई जरा जास्तच ओढून घेतात, असा त्याचा संशय होता. आता वास विरत चालला होता, म्हणून तेच सेंट शोधायला आले होते. बाटलीवरचं नाव केव्हाच पुसलेलं. आधी फळं येतात आणि मागून कस्तुरी, एवढंच ठाऊक.

विकणाऱ्या मुलीने दोन कागदी पट्ट्या पुढे केल्या. "हे पीच-मस्क. हे पेअर-मस्क."

"पीच," कारकून म्हणाला.

"काहीतरीच. पेअर," सासूबाई म्हणाल्या. "माझी पोर मला कळत नाही होय?"

"आई, ती माझ्या शेजारी झोपायची."

"आणि तुम्ही घोरायचात. घोरणाऱ्याला कसला आलाय वास?"

"स्वेटरशी ताडून बघा ना," मुलगी म्हणाली.

दोघं घुटमळले. आज रविवार नव्हता. तरी त्याने गाठ सोडली.

"कागदावर खरा वास कळतच नाही," असं म्हणत मुलीने मोठ्या मायेने डाव्या बाहीवर पीच मारलं, उजवीवर पेअर. सढळ हाताने. "हं, आता घ्या."

सासूबाईंनी स्वेटरचा गळा बराच वेळ नाकाशी धरला. मग तो त्याच्याकडे दिला. "बघा हो जावईबापू. तुमचं नाक अजून तरुण आहे."

त्याने हुंगलं. पीच होतं. पेअर होतं.

"आहे का ती?"

"आहे थोडी," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पिशवीची घडी घालायला घेतली. त्याने पैसे भरले. जन्मभर तो वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसला होता, त्यामुळे दुसरी भाषा त्याला त्या वेळी सुचली नाही. दुकानाच्या मॅनेजरपुढे उभं राहून तो म्हणाला,

"सदर स्वेटरवरील दोन्ही वास दुकानाने स्वखर्चाने काढून घ्यावेत, खालचा मूळ वास आहे त्या स्थितीत कुटुंबाच्या ताब्यात द्यावा, आणि केलेली कार्यवाही आजच्या आज कळवावी, ही विनंती."