नव्या कॉम्प्युटरचं प्लास्टिक

परतूरच्या आमच्या ऑनलाइन सेंटरवर नवा कॉम्प्युटर आला. तो एका वेळी किती कामं पेलतो हे पाहायला मी पीकविम्याचे चार फॉर्म उघडले, स्कॅनर अन् प्रिंटरही लावले. दहा मिनिटांत बंद! मालक धर्मराज माझ्यावरच खेकसले, "शीतल, तुला चालवता येत न्हाई."

डोकंच फिरलं माझं. नवेपणा टिकावा म्हणून सीपीयूला प्लास्टिक गुंडाळलं कोणी? यांनीच! मंग आत हवा जाणार कुठून? मी ते टराटरा फाडलं, पुन्हा सगळं चालू केलं. तासभर काही अडलं न्हाई.

"पाह्यलं? मशीन बिलकुल चांगलं हाय," धर्मराज म्हणाले. "तुझ्याच हाताला जमत नव्हतं."

अन् चिकटपट्टी घेऊन ते फाटलेलं प्लास्टिक जोडायला बसले.