एक मशीन जास्त

कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या बाईला सगळे लॅबवालीच म्हणत. रविवारी दुपारी कुलूप उघडून ती आत शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती, आणि लॅबमधल्या चाळीसही मशीनवर त्याआधी नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढायला हवी होती. एकेका मशीनपुढे बसून ‘पुढे, पुढे’ दाबायचं म्हटलं तर जन्म पुरला नसता. म्हणून आठवडाभर खपून तिने सगळी उत्तरं आधीच सर्व्हरवर लिहून ठेवली होती: भाषा कोणती, पासवर्ड काय, जुन्या डिस्कचं काय करायचं. मशीन चालू केलं की ते नेटवर्कवरून सर्व्हरला हाक मारणार, उत्तरं घेणार आणि स्वतःला पुसून नव्याने उभं राहणार. कुणाला काही विचारणार नाही.

तिला धास्ती होती ती याचीच.

“मशीनच करणार ना सगळं? मग तुझा जीव का टांगणीला?” नवऱ्याने सकाळी विचारलं होतं.

“मशीन करणार म्हणूनच,” ती म्हणाली होती.

तिने ओळीने बटणं दाबली. काळ्या पडद्यांवर पांढरी अक्षरं धावू लागली. सर्व्हरच्या पडद्यावर एकेक मशीन हजेरी लावू लागलं. चाळीस झाली, तिने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि तेवढ्यात एकेचाळिसावं आलं.

आधी तिला वाटलं, आपलंच मोजायला चुकलं. बोटाने टेबलं मोजली. चाळीसच. मग हे कोण?

कॉलेजात कुठेतरी कुणाचं तरी मशीन सर्व्हरचं निमूट ऐकत होतं, आणि त्याची डिस्क पुसली जात होती. केबल शोधायला ती सगळ्या नेटवर्क वायरी एकत्र येतात त्या स्विचच्या पेटीकडे धावली, पण आत वायरींचा नुसता गुंता. शोधत बसायला वेळ नव्हता. तिने पेटीचा प्लगच उपटला. चाळीसही पडदे जिथल्या तिथे अडकले. परीक्षेची मशीनं ना जुनी राहिली ना नवी झाली.

आता हात लावून बघितलं तर एक करडी केबल बाकीच्यांतून सुटून खिडकीवाटे वर गेलेली. वरच्या खोलीत इंटरनेट येत नाही म्हणून वायरमनने परस्पर ओढून दिलेली असणार. वर प्राणिशास्त्र विभाग. आणि त्या खोलीत बसायची तिची नणंद.

नणंद वयाने लहान, पण लग्न झाल्यापासून लॅबवाली तिला गमतीने वन्सं म्हणायची, आणि हळूहळू सगळ्या स्टाफच्या तोंडी तेच बसलं होतं. वन्सं बेडकांचे आवाज टिपायच्या. तळी, ओढे, डबकी, वर्षानुवर्षं.

लॅबवाली जिना चढून वर पोचली तर वन्सं दारातच उभ्या.

“वहिनी, बरी आलीस. कॉम्प्युटर हँग झाला म्हणून बंद करून परत चालू केला, तर आपला आपणच काहीतरी करत सुटला आणि आता अडकलाय बघ.”

“मी केलंय ते,” लॅबवाली म्हणाली. धाप लागली होती. “माझ्या सर्व्हरने. वन्सं, तुझी डिस्क पुसली गेली.”

वन्सं हसल्या. मग वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

“कॉपी आहे ना?” लॅबवालीने विचारलं.

“जुन्यांची आहे. या वर्षीची नाही. आज करणार होते, म्हणून तर आले.” त्या खुर्चीत बसल्या. “त्या मोठ्या तळ्यात भराव टाकलाय गं. तिथले बेडूक आता फक्त यातच होते.”

लॅबवालीने मशीन बंद केलं, डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला जोडली आणि हरवलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. पुसलं सगळं जात नाही, वरवरची खूण जाते, असं ती सांगत राहिली. वन्संना की स्वतःला, कोण जाणे.

“तू जा खाली,” वन्सं म्हणाल्या. “तिथे पोरांची परीक्षा आहे. इथे दोघींनी बघत बसून काय होणारे?”

लॅबवालीने करडी केबल काढून टाकली. मग लॅबबाहेर जाणारी एकही वायर राहिली नाही ना, हे प्रत्येक वायर हाताने चाचपून बघितलं. पेटीचा प्लग परत लावून पुन्हा ओळीने बटणं दाबली. या खेपेला आकडा चाळिशीवर थांबला. दिवेलागणीपर्यंत लॅब उभी राहिली.

वर फाइल सापडत होत्या, पण नावं गेलेली. नुसते आकडे. वन्संनी एक उघडली. खरखर, मग एक घोगरा आवाज.

“हा ओढ्यातला,” त्या म्हणाल्या. दुसरी उघडली. “हाही नाही.” कितीतरी वेळाने एक बारीक टिकटिक आली आणि वन्संनी डोळे मिटले. “हा तळ्यातला.”

तळ्याच्या निम्म्याच फाइल मिळाल्या. बाकीच्यांवर नवी सिस्टिम लिहिली गेली होती.

परीक्षा सुरळीत झाली. लॅबवालीने प्राचार्यांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली. पण वन्संचा अबोला जास्त झोंबला. त्या काही दिवस भावालाच फोन करायच्या. मग एका दुपारी त्या लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात हेडफोनचे दोन जोड.

“नावं द्यायचीत सगळ्या फाइलींना,” त्या म्हणाल्या. “एकटीच्या कानांनी होत नाही. बस माझ्याबरोबर.”

लॅबवाली सरकून बसली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिने हेडफोन कानाला लावला.